आमची म्हातारचळ ट्रिप: इंग्लंडातल्या जुन्या बाइका आणि कोळशाची इंजिनं

आमच्या दादाचं एक ठाम मत आहे, ज्या यंत्राचं काम डोळ्याला दिसत नाही ते यंत्रच नाही, तो डबा. त्याच्या हिशोबाने हल्लीच्या सगळ्या कार डबे, मोबाइल डबा आणि वंदे भारत म्हणजे तर लांबलचक डबा. नाशिकच्या सातपूरला एका कंपनीच्या टूलरूममध्ये लेथ आणि मिलिंगवर आयुष्य गेलंय त्याचं, त्यामुळे या विषयात आम्ही कुणी त्याच्या नादी लागत नाही. तर त्याची मुलगी मनू नोकरीनिमित्त कॉव्हेंट्रीला असते आणि कित्येक वर्षं बाबा या ना, बाबा या ना म्हणून मागे लागलेली, आणि हा आपला गुडघ्याचं कारण पुढे करून टाळतोय. शेवटी पोरीने बरोबर नस पकडली. व्हॉट्सअॅपवर एक फोटो टाकला, छोटंसं स्टेशन, हिरवंगार इंजिन, चिमणीतून धूर, आणि खाली लिहिलं, "बाबा, घरापासून तासाभरावर आहे हे." संध्याकाळीच मला दादाचा फोन. "गण्या, तुझा पासपोर्ट आहे ना रे जागेवर?"

वहिनी आणि आमची ही, दोघींनी विमानात बसायच्या आधीच जाहीर केलं की तुमच्या त्या ग्रीस-ऑइलच्या भानगडीत आम्हाला ओढायचं नाही, आम्ही लेस्टरला साड्यांची दुकानं बघू. (इंग्लंडला जाऊन साड्या. असो.) म्हणजे ट्रिप दोघा भावांची आणि सारथी मनू.

आता हे वेड कुठून आलं ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वाचून तुम्ही म्हणाल या दोन म्हाताऱ्यांना काय झालंय. आमचे आजोबा रेल्वेत, भुसावळ शेडला आधी फायरमन आणि मग ड्रायव्हर. मुंबईहून इगतपुरीपर्यंत वीज १९३० च्या सुमारासच आली होती पण त्याच्या पुढे नाशिकरोड, मनमाड, भुसावळ हा सगळा पट्टा साठच्या दशकापर्यंत कोळशावरच होता. आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, त्यांची १९७२ ची बुलेट साडेतीनशे, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक. आम्ही दोघं भाऊ त्याच गाडीवर शिकलो त्यामुळे कॉलेजात मित्राची राजदूत चालवायला घेतली की गिअर टाकायच्या जागी ब्रेक दाबला जायचा. आजोबा इंजिनवर, वडील बुलेटवर, आणि दोन्ही यंत्रांची मूळ गावं इंग्लंडात. एवढं पुरे.

पहिल्यांदा गेलो ते नॅशनल मोटरसायकल म्युझियमला. बर्मिंगहॅमच्या बाहेर बिकेनहिल म्हणून जागा आहे तिथे, १९८४ ला सुरू झालेलं. आत हजाराच्या आसपास बाइका आणि सगळ्याच्या सगळ्या ब्रिटिश, होंडा-यामाहाला दारातूनच रामराम. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, मॅचलेस, एरियल, वेलोसेट, व्हिन्सेंट, ब्रफ सुपिरियर, रांगाच्या रांगा नुसत्या, आणि टाक्या अशा चमकतायत की वाकून भांग पाडावा. दादा आत शिरला आणि गप्प झाला. त्याला गप्प झालेला बघणं हा प्रकार आमच्या घरात फार दुर्मिळ आहे, मनूने फोटोच काढला.

मग हळूहळू तोंड उघडलं. एरियल स्क्वेअर फोर नावाची गाडी, तिला चार सिलिंडर आणि ते चौकोनात बसवलेले, दोन पुढे दोन मागे. पुढच्या दोघांना वारा लागतो, मागचे दोन बिचारे त्यांच्या आड उभे राहून तापतात. दादा म्हणे, मागच्या दोघांनी काय घोडं मारलं होतं यांचं? पुढे वेलोसेट, एकच सिलिंडर पाचशे सीसी, पण १९६१ साली पॅरिसजवळच्या ट्रॅकवर यांच्या व्हेनम नावाच्या गाडीने सलग चोवीस तास ताशी शंभर मैलांच्या वर सरासरी काढली होती. ताशी एकशे एकसष्ट किलोमीटर, दिवसभर आणि रात्रभर, एका सिलिंडरवर! मी तिथे उभा राहून नाशिक-पुणे हायवे आठवत होतो, सिन्नरच्या पुढे साठवर गेलं तरी अण्णांच्या गाडीचे आरसे काय दाखवतात ते कळायचं नाही, सगळं जग थरथरायचं.

ऑइल गळण्याचा विषय निघणारच होता. ब्रिटिश बाइक म्हटली की खाली ऑइलचा डाग ठरलेला, आपल्याकडे तर गंमतीने म्हणतात बुलेट गळत नसेल तर समजा ऑइल संपलंय. दादाने तिथेच एका ट्रायम्फच्या इंजिनकडे बोट दाखवून मनूला समजावलं, हे बघ, या लोकांनी क्रँककेस, म्हणजे इंजिनाची खालची पेटी, उभी कापलीये, डावा भाग आणि उजवा भाग, मध्ये जोड, आणि तो जोड जिथे ऑइल साठतं तिथून खालून गेलाय. आता उष्णतेने पसरणार, थरथरणार, तो जोड किती दिवस तग धरणार? जपान्यांनी काय केलं, आडवी कापली, जोड ऑइलच्या वर. बस्स, एवढाच फरक, पण १९६९ ला होंडाची सीबी साडेसातशे आली, चार सिलिंडर, बटण दाबलं की सुरू, पुढे डिस्क ब्रेक, आणि खाली डाग नाही. गिऱ्हाइकाने कुणाकडे जायचं तुम्हीच सांगा. एकेकाळी जगातली सगळ्यात मोठी मोटरसायकल कंपनी असलेली बीएसए त्यानंतर पाच वर्षंसुद्धा धड टिकली नाही. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळ धंदा बंदुकांचा, त्यांच्या खुणेत तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या असतात. आणि बुलेटवाल्यांची, म्हणजे रॉयल एन्फिल्डची खूण तोफ. युद्धात जर्मनांनी बॉम्ब टाकले ते यांच्या कारखान्यांवर, बीएसएच्या स्मॉल हीथच्या कारखान्यात नोव्हेंबर १९४० मध्ये एका रात्रीत ५३ कामगार गेले.

या म्युझियमबद्दल अजून एक सांगायलाच हवं, कारण तिथे फिरताना ते कळत नाही. सप्टेंबर २००३ मध्ये हे जळालं. कुणीतरी फेकलेल्या सिगारेटवरून आग लागली आणि पाचपैकी तीन हॉल गेले, साडेतीनशेच्या वर गाड्या जळाल्या. माणसांनी हाताने ढकलत ढकलत बाहेर काढल्या तेवढ्या वाचल्या. आणि डिसेंबर २००४ ला यांनी ते परत उघडलं सुद्धा. जळालेल्या कितीतरी गाड्या परत उभ्या केल्यात, तुम्ही समोर उभे राहिलात तरी ओळखू येणार नाही. दादा एका गाडीपाशी खूप वेळ वाकून काहीतरी शोधत होता, मी म्हटलं काय बघतोस, तर म्हणे वेल्डिंग दिसतंय का ते बघतोय. नाही दिसलं. टूलरूमवाल्याकडून याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नसतं.

तिथून मेरिडेन अगदी जवळ. ट्रायम्फचा मूळ कारखाना कॉव्हेंट्रीत, तो १९४० च्या बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला म्हणून १९४२ ला या मेरिडेन गावात नवा बांधला. ट्रायम्फची बॉनव्हिल बाइक इथलीच. आज तिथे कारखाना नाही, घरं आहेत, टुमदार, पुढे छोटी बाग वगैरे, आणि गल्ल्यांना नावं बॉनव्हिल क्लोज, डेटोना ड्राइव्ह. मला वाटलं दोन मिनिटं थांबू आणि निघू. पण दादा काही हलेना.

कारण या कारखान्याची गोष्ट त्याने मनूकडून आधीच काढून घेतली होती. १९७३ ला मालकांनी जाहीर केलं की मेरिडेन बंद करतोय. कामगारांनी गेट अडवलं, मशिनरी हलू दिली नाही, दीड वर्ष तसेच बसून राहिले आणि १९७५ ला सरकारी कर्ज घेऊन स्वतःची सहकारी संस्था काढून कारखाना चालवायला घेतला. आठ वर्षं चालवला! पैसा नाही, नवीन डिझाइन नाही, जुनंच मॉडेल घासूनपुसून विकत १९८३ पर्यंत तग धरली. आता ज्याने सातपूरला गेटवर लागलेली नोटीस स्वतःच्या डोळ्यांनी वाचलीये, त्याला ही गोष्ट कशी लागणार ते तुम्ही समजू शकता. दादाची कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनीही म्हणे असा विचार केला होता, आम्हीच चालवू, तीन-चार मीटिंगाही झाल्या, मग ज्याला जिथे नोकरी मिळाली तो तिथे गेला. हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं आणि कळलं कुठे तर बॉनव्हिल क्लोजच्या कोपऱ्यावर, समोर एक बाई गुलाबाला पाणी घालतीये आणि आमच्याकडे संशयाने बघतीये.

ट्रायम्फ नंतर परत उभी राहिली, मेरिडेनला नाही तर हिंकलीला, वेगळ्या मालकाकडे, आणि २०२३ पासून तिची चारशे सीसीची गाडी आपल्या चाकणला बजाजकडे बनते. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली. बीएसएचं नाव महिंद्राच्या मंडळींकडे. म्युझियममधली अर्धी नावं आज भारतीयांच्या तिजोरीत आहेत. याचा अभिमान वाटावा की नाही यावर आमचं दोघांचं एकमत नाही. मला वाटतो. दादा म्हणतो नाव विकत घेता येतं रे.

रविवारी सकाळी एका गावातल्या पबच्या मागच्या अंगणात जुन्या बाइकवाले जमतात असं मनूच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं, तर तिथे गेलो. पब नाव असलं तरी सकाळी सगळे चहाच पीत होते. पंधरावीस गाड्या, बहुतेक मालक सत्तरीच्या आसपास, आणि एका कडेला रेडिचची बुलेट, म्हणजे रॉयल एन्फिल्डच्या मूळ इंग्लंडातल्या कारखान्यातली, १९५५ ची. हिरवी. हेडलाइटच्या वर ते दोन बारीक डोळे असतात ना, पायलट लॅम्प, आपण टायगर लॅम्प म्हणतो, अगदी तेच. बाजूला अॅमीटर. उजवीकडे गिअर आणि टाचेपाशी न्यूट्रल फाइंडरचा, म्हणजे गाडी न्यूट्रलला आणायचा दांडा. मला क्षणभर काही सुचेना, कारण ती अण्णांचीच गाडी होती, फक्त मडगार्डवर एमएच काही नव्हतं.

मालक म्हणजे उंच शिडशिडीत आजोबा, त्यांनी आम्ही इंडियातून आलोय ऐकलं आणि पहिला प्रश्न काय विचारावा, तर पार्ट कुठून मागवता? मग कळलं की त्यांच्या गाडीत पिस्टन, क्लच प्लेटा, केबल हे सगळं आपल्याकडचंच बसवलेलं. त्यात नवल काही नाही म्हणा. १९५५ ला मद्रास मोटर्सबरोबर करार होऊन आपल्याकडे बुलेट जोडायला सुरुवात झाली, आपल्या लष्कराला डोंगरात फिरायला तीच पसंत पडलेली, हळूहळू सगळे भाग मद्रासलाच बनायला लागले, आणि इकडे रेडिचवाल्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला बुलेट बनवणं बंद केलं, १९७० मध्ये कंपनीच बसली. आपण मात्र तीच गाडी, तोच उजवा गिअर, तेच पॉइंट आणि तोच कंडेन्सर घेऊन पार दोन हजार सालाच्या आसपासपर्यंत काढतच राहिलो. इतकं की १९७७ ला मद्रासची बुलेट उलट इंग्लंडात विकायला गेली. त्यांच्या लेखी ही व्हिंटेज, आजोबांच्या काळातली. आमच्या लेखी काय, परवापरवापर्यंत शोरूममध्ये नंबर लावून मिळणारी गाडी. दूधवाल्याची, फौजदाराची, द्राक्षबागायतदाराची.

गाडी सुरू करायची वेळ आली. त्यांनी दादाकडे खूण केली, तुम्ही मारा किक. दादाने स्वतःच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी त्यांच्या. दोघांचेही बदललेले! मग पाच मिनिटं बाइक बाजूला राहिली आणि गुडघ्याच्या ऑपरेशनवर चर्चा, कोणाचा किती वाकतो ते करूनसुद्धा दाखवलं. शेवटी किक माझ्या वाट्याला. पेट्रोल कॉक उघडला, कार्बुरेटरच्या टिकलरवर, म्हणजे पेट्रोल भरायच्या बटणावर, बोट दाबून धरलं, पेट्रोल बोटाला गार लागेपर्यंत.  किक हळूहळू खाली दाबायची, अडायला लागली की थांबायचं, डीकॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरातला दाब सोडायची लिव्हर ओढून थोडं आणखी खाली, लिव्हर सोडायची, किक परत वर आणायची आणि मग मनापासून एक लाथ. दुसऱ्या लाथेत लागली. तो आवाज मी इथे लिहून दाखवत बसत नाही, ज्यांनी ऐकलाय त्यांना गरज नाही आणि ज्यांनी नाही ऐकला त्यांनी कॉलेजरोडवर फटाके फोडत जाणाऱ्या सायलेन्सरवरून अंदाज बांधू नये, तो आवाज वेगळा, हा वेगळा. दादाने टाकीवर तळहात ठेवला आणि आयडलिंग ऐकत म्हणाला, "टॅपेट थोडे सैल आहेत." इंग्रजीत सांगायच्या आधीच आजोबांनी मान डोलावली.

आता रेल्वे. खरंतर फोटोतलं स्टेशन हेच, किडरमिन्स्टर, सेव्हर्न व्हॅली रेल्वे. किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ सोळा मैल, सेव्हर्न नदीच्या काठाकाठाने. मूळ लाइन १८६२ ची, सरकारने १९६३ ला प्रवासी गाड्या बंद केल्या, आणि १९६५ ला गावातल्या इंजिनवेड्या लोकांनी संस्था काढली, वर्गणी जमवली, १९७० ला थोडा तुकडा सुरू केला आणि मग १९८४ पर्यंत वाढवत वाढवत किडरमिन्स्टरला आणली. किडरमिन्स्टरचं स्टेशन बघून वाटतं शंभर सव्वाशे वर्षांपूर्वीचं असेल, लाल विटा, लोखंडी महिरपी, पण ते बांधलंय १९८४ च्या आसपास, जुन्या धाटणीत. हे मला जरा खटकलं. दादाला नाही खटकलं, तो म्हणे वीट जुनी का नवी ते सोड, जोडकाम बघ.

आमच्या गाडीला इंजिन होतं अर्लस्टोक मॅनर, स्विंडनला १९३९ मध्ये बनलेलं, ग्रेट वेस्टर्नचं हिरवं, चिमणीला तांब्याची कड. आणि हे इंजिन भंगारातून आलेलं आहे. इंग्लंडात ऑगस्ट १९६८ मध्ये मेन लाइनवरची कोळशाची इंजिनं संपली, हजारोंनी इंजिनं भंगारात गेली. त्यातली वेल्समध्ये बॅरी गावच्या एका भंगारवाल्याकडे २९७ आली. त्याच्याकडे वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबेही ढिगाने आले होते आणि वाघिणी कापायला सोप्या, म्हणून तो आधी त्या कापत बसला आणि इंजिनं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत तशीच उभी राहिली. तेवढ्यात लोकांनी वर्गण्या काढून एकेक सोडवायला सुरुवात केली, २१३ सुटली. आज इंग्लंडात जी वाफेची इंजिनं फिरताना दिसतात त्यात मोठा वाटा या भंगारवाल्याच्या आधी सोपं काम मग अवघड या हिशोबाचा आहे.

फलाटावर इंजिनपाशी गेलो तर फायरमन म्हणजे पंचविशीतली मुलगी, चेहऱ्यावर काजळी, गळ्यात लाल रुमाल. एरवी कुठेतरी अकाउंट्समध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी इथे कोळसा ओढते, फुकट. पहाटे येऊन आधी फायरबॉक्स, म्हणजे कोळसा जळतो ती पेटी, साफ करायचा, राख काढायची, जाळ धरायचा, कित्येक तासांनी कुठे वाफ तयार होते. ड्रायव्हर निवृत्त शाळामास्तर. तिकीट तपासणारे, सिग्नलमन, फुलांच्या कुंड्यांना पाणी घालणारे, बहुतेक सगळे असेच हौशी. दादाने तिला त्याच्या इंग्रजीत विचारलं, आग कशी टाकते? तिने फावड्याने हवेतच दाखवलं, दाराशी जाड थर, पुढे पातळ होत जाणारा, आणि मागचे दोन कोपरे कायम भरलेले. दादा माझ्याकडे बघायला लागला. आजोबा आम्हाला पाटावर तांदूळ पसरून अगदी हेच दाखवायचे, "कोपरे उपाशी ठेवायचे नाहीत, गार हवा तिथून घुसते." भुसावळचं शेड कुठे आणि ही पोरगी कुठे. तिला ते कुणी शिकवलं, त्याला कुणी शिकवलं, असं मागे मागे गेलं तर कुठेतरी एकच उस्ताद निघायचा.

दुपारी परत भेटलो तेव्हा ती फावड्यावर अंडी तळत होती. खरंच. फावडं पाण्याने धुऊन, तापवून, लोणी टाकून, फायरबॉक्सच्या तोंडाशी. आजोबा तशीच भाकरी गरम करायचे म्हणे, वर कांदा. आम्ही तिला नाशिकचा चिवडा दिला, मनूने आधी सांगितलं होतं की तिखट लागेल, पण पोरीने मूठभर तोंडात टाकला आणि परत हात पुढे केला.

प्रवासाचं काय सांगू. खिडकी खाली ओढायला चामड्याचा पट्टा, डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कण, सगळं जिथल्या तिथे. किडरमिन्स्टरहून निघाल्यावर थोड्या वेळाने एक बोगदा लागतो आणि पुढे मध्येच सफारी पार्कमधले प्राणी दिसतात, इंग्लंडात वाफेच्या गाडीतून हत्ती बघणं हा योग आमच्याच पत्रिकेत असणार. मग ब्यूडली नावाचं स्टेशन, तिथे सिग्नलमन खांबाशी उभा राहून ड्रायव्हरच्या हातात टोकन देतो, एकेरी मार्गावर ते टोकन ज्याच्याकडे त्यालाच पुढे जायचा हक्क. मनमाडच्या मीटरगेजला लहानपणी हेच बघायला आम्ही फलाटाच्या टोकाला पळायचो, वेताची मोठी रिंग आणि ती धावत्या गाडीतून दंडात अडकवून घेणारा तो माणूस. सिग्नलसुद्धा ओळखीचे, लाल हात खाली पडला की गाडी सुटणार. आर्लीच्या अलीकडे व्हिक्टोरिया ब्रिज आहे, १८६१ चा, दोनशे फुटांची एकच लोखंडी कमान नदीवर. इंजिन तिथे हळू होतं. दादा खिडकीतून इतका बाहेर वाकला की तिकीटवाल्या काकांनी येऊन सांगितलं, सर प्लीज.

चढ असा काही नाही. म्हणजे ते लोक ज्याला चढ म्हणतात तिथे इंजिन धापा टाकतं खरं, पण आम्ही कसाऱ्याचा घाट बघत वाढलेले. सदतीस फुटाला एक फूट चढ, १८६५ पासून, आणि आजही कसाऱ्याला मागून ढकलायला जास्तीची इंजिनं लावावी लागतात. हे मी तिकीटवाल्या काकांना सांगितलं, त्यांनी वही काढून लिहून घेतलं. अशी माणसं.

तरी एक तक्रार आहे. सगळं फार स्वच्छ. पितळ आरशासारखं, रंगाला ओरखडा नाही, कोळसासुद्धा झाडून ठेवल्यासारखा. आमच्या आठवणीतली इंजिनं अशी कधीच नव्हती, काळीकुट्ट, तेलकट, घामेजलेली, आणि आजोबा घरी आले की आजी त्यांना आधी मोरीत पाठवायची. दसऱ्याच्या दिवशी तेवढी झेंडूची माळ आणि कुंकू लागायचं, त्या दिवशी इंजिन देव, दुसऱ्या दिवसापासून परत बैल. इंग्लंडात मात्र इंजिन रोजच दसऱ्याला बसलेलं.

यॉर्कला एका दिवसात जाऊन आलो, नॅशनल रेल्वे म्युझियम, प्रवेश फुकट. तिथे ती निळी मॅलार्ड उभी आहे, ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल गेलेली, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर, वाफेवर आजपर्यंत याच्यावर कुणी गेलेलं नाही. लोक तिच्यासमोर सेल्फी घेत होते. दादा तिकडे फिरकला नाही कारण त्याला दुसरंच सापडलं, एलरमन लाइन्स नावाचं इंजिन, तेही बॅरीच्याच भंगारातलं, ते उभं चिरून ठेवलंय. बॉयलरचं पोट उघडं, नळ्यांची जुडी, फायरबॉक्सच्या भिंतीतले शेकडो स्टे बोल्ट, धूर कुठून जातो पाणी कुठे असतं वाफ कशी सिलिंडरात शिरते, सगळं रंगवून दाखवलेलं. आजोबा आयुष्यभर ज्याच्या पुढ्यात उभे राहिले त्याच्या आत काय चालायचं ते आम्हाला तिथे दिसलं. दादाने खालून, बाजूने, वाकून, एकेक भाग बघितला. मनू दोनदा कॉफी पिऊन आली. याच यॉर्कवाल्यांच्या संग्रहात ईव्हनिंग स्टार आहे, ब्रिटिश रेल्वेने बनवलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, १९६०. आणि आपल्या चित्तरंजनचं शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन १९७० चं, त्याचं नाव अंतिम सितारा. आपली ब्रॉडगेजची कोळशाची इंजिनं तर १९९५ पर्यंत नेहमीच्या गाड्या ओढत होती.

गंमत कोळशाची. जिथे हे सगळं सुरू झालं त्या देशात आता खोल खाण एकही नाही, शेवटची केलिंगली, डिसेंबर २०१५ ला बंद. कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्रही सप्टेंबर २०२४ ला बंद पडलं. म्हणजे या हौशी रेल्वेवाल्यांना आता घरचा कोळसा नाही, बाहेरून आणावा लागतो आणि तो महाग. आमच्या नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला मात्र रोज मालगाड्या रिकाम्या होतात. हे सांगताना अभिमान बाळगायचा का लाज ते मला ठरवता आलं नाही, तिथल्या कुणाला बोललोही नाही.

घरी आल्यावर दादाने पहिलं काम केलं ते अण्णांच्या बुलेटवरची ताडपत्री काढली. तिकडे चाळीस वर्षं जुन्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि दरवर्षीची तपासणीही नाही, मालकावर विश्वास. आपल्याकडे २०२१ पासून पन्नास वर्षांच्या वरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरप्लेटवर व्हीए ही अक्षरं मिळतात, फी वीस हजार, आणि मग ती रोजच्या वापराला काढायची नाही. दादा हिशोब करत बसलाय, कारण त्याला ती रोजच काढायचीये. वहिनींनी विचारलं, किक कोण मारणार? तेव्हापासून सकाळी साडेसातला माझा फोन वाजतो.